टाकीची चावी आणि एकवीस मोदक

रुमैथिया, कुवेत
१८ जानेवारी २००४

ती. सौ. रत्नमाला वहिनींस प्रभाचा सा. नमस्कार.

यूसुफभाईंबरोबर पाठवलेलं सगळं पोचलं: कुळथाचं पीठ, कोकमं, आंब्याची साठं. जादा वजनाचे दीड दिनार पडले. ते घेत नव्हते, मी दिले (आणि आठवडाभर चहात दूध कमी घातलं). दादांचा गुडघा कसा आहे? इथली थंडी त्या गुडघ्याला मुळीच दाखवू नका.

आता माझा पराक्रम ऐका. बंगल्याच्या मालकिणीने (इथे तिला ‘मामा’ म्हणायचं, बाई असली तरी) गच्चीवर हीट पंप बसवलाय. एसीच उलटा चालतो असं समजा. तो पाणी तापवतो, ते फरशीखालच्या नळ्यांतून फिरतं आणि घर ऊबदार राहतं. बसवला ह्यांनीच. हा हिवाळा तो नीट चालला, तर मामाच्या भावाच्या बंगल्याचं काम ह्यांना मिळणार आणि मी व लेक अक्षदा इथेच राहणार. नाहीतर मार्चात आम्हा दोघींना परतीचं तिकीट. एवढं ठाऊक असून मी सोमवारी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले.

पंपाशेजारी गोधडी गुंडाळलेली भली मोठी टाकी आहे, बफर टँक म्हणतात. आतल्या गरम पाण्याने कोणी आंघोळ करत नाही, भांडी घासत नाही, नुसतं तापून बसलेलं. माझा जीव कळवळला. पाणी टाकीत न जाता परस्पर नळ्यांत जाईल अशी चावी तिथेच होती. देवाचं नाव घेतलं आणि फिरवली. विजेची एवढी बचत केली म्हणून स्वतःला दुसरा चहाही दिला.

दुसऱ्या दिवशी पंप चालू, बंद, चालू, बंद, उचकी लागल्यासारखा. मामा दोन शाली पांघरून आमच्या दारात, ह्यांना म्हणते: “काशी, तुझ्या मशीनला दमा झालाय. भावाला काय सांगू?” हे पंप खोलून बसले. मी गणपतीला एकवीस मोदक बोलले (ज्याने मला चावी फिरवताना पाहिलं, त्यालाच). शेवटी ह्यांचा हात चावीवर गेला. मी म्हटलं, कबुतरं फार झालीत. हे चावी परत फिरवून खाली आले आणि माझा तांदळाचा डबा उघडून पुढ्यात ठेवला. “वर्षाचा भरतेस. का?”

म्हटलं, मूठमूठ आणायला दुकानाच्या किती खेपा घालायच्या?

“मग पंपाने किती घालायच्या?”

नळ्यांतलं थोडं पाणी लगेच तापतं, पंप बंद. लगेच निवतं, पंप चालू. टाकीचा साठा असला की तो एका दमात चालतो, मग सावकाश विसावतो. चार जणींना साठवण शिकवणारी मी, साठवणीच्याच वाटेला कुलूप लावून आले होते.

मामाला ह्यांनी सांगितलं, नळीत हवा शिरली होती. एका दिवसात दुरुस्त झालं म्हणून ती खूश. भावाला टाकी दाखवून काम पक्कं करते म्हणाली.

आपली,
प्रभा

ता. क. चावीची मूठ काढून ह्यांनी देव्हाऱ्यात ठेवलीय. रोज तिलाही फूल वाहते.

ता. क. इथे नारळ फार महाग. तेव्हा ते एकवीस मोदक तुम्हीच माझ्या नावाने करून गणपतीला दाखवावेत. गूळ घरचाच वापरा.

ता. क. थंडीत आंबोळीचं पीठ आंबत नव्हतं, म्हणून ते हल्ली टाकीच्या गोधडीत ठेवते. छान फुगतं. काल पातेलं आतच कलंडलं, आणि मामाचा भाऊ फेब्रुवारीच्या मध्याला टाकी बघायला येतोय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मोदक झाले का, ते उलट टपाली कळवा.