बघतो म्हणलं होतं

रवि. १४ जून
सकाळपास्नं हिप्परग्याच्या तळ्यावर लई वारा. आमी चौघं आलेलो. अण्णा, इम्रान, वैशू, मी. अण्णांनी गोव्याहून आणलेल्या विंडसर्फिंगच्या दोन जुन्या फळ्या, आणि त्यांच्याच चादरीच्या कारखान्यात ठिगळं मारलेली शिडं. एवढ्यावर आमचा क्लब.

वारा आपल्या काठावरनं आत ढकलतो, म्हणून नियम एकच. पाण्यात जाणाऱ्यानं काठावरच्या एकाला "बघ" म्हणायचं. तो "बघतो" म्हणल्याबिगर फळी हलवायची न्हाय. आणि बघणाऱ्यानं जागा सोडायची न्हाय.

वैशू मला म्हणली, "बघ." मी म्हणलं, "बघतो."
शीड उचलता उचलता हसली. "आज बाबांना सांगतेच आपलं. ते म्हणणार, त्या भिंगरीचं बूड कुठं टेकतं का? मी म्हणणार, टेकतं."
भिंगरी म्हणजे मी. तीन वर्षं झाली, सगळे तेच म्हणतात.

मी राखणीला बसलोय म्हणून अण्णा आन् इम्रान निवांत नाक्यावर गेले, इम्रानच्या गाडीचं पंक्चर काढून भजी आणायला. मागनं मेंढरं आली. सांगोल्याकडचे म्हातारबा, एक मेंढी तितंच व्यायला लागलेली. "धर की जरा," म्हणले. धरलं. मग कोकरू उचलून ओढ्यापल्याड त्यांच्या पालापर्यंत गेलो. तितं चहा. कुत्र्याचं नाव विचारलं तर त्याची आख्खी गोष्ट निघाली. लई भारी वाटली तवा. आता एक वाक्य आठवत न्हाय.

परत आलो तर अण्णा काठावर. हातात भजीचा पुडा तसाच. "वैशू कुठं रे?"

शीड फळीला जोडणारा रबरी जोड तुटला होता. वाऱ्यानं तिला पार पलीकडं नेऊन टाकलं, वेड्या बाभळीच्या चिखलात. इम्रान गाडीवरनं वळसा घालून घेऊन आला. तळपायात काटा, गुडघ्यापर्यंत चिखल.

रडली न्हाय. शिव्या पण न्हाय. एवढंच म्हणली, "मी दोन्ही हात हलवत होते."
आमच्यात दोन्ही हात म्हणजे मदत.

मंगळ. १६ जून
फोन उचलत न्हाय. मला वाटलं अर्धा तास गेला असंल. अण्णा म्हणतात, पावणेदोन तास.
पावणेदोन तास हात हलवणार न्हाय कोण. कधीतरी खाली घेतले असतील. कधी घेतले असतील, तेच डोक्यात.

गुरु. १८ जून
अक्कलकोटला गेलो. का, म्हायती न्हाय. एस्टी उभी होती. मठाच्या बाहेर एक बाई कन्नडमदी काय काय विचारत होती, मी मान हलवत गेलो. नंतर कळलं, चप्पल सांभाळशील का म्हणत होती. सांभाळली. ती येस्तवर हाललो न्हाय. काय उपयोग.

संध्याकाळी वैशूचा मेसेज. "बाबांना सांगितलं नाही. आता सांगणार पण नाही. तुझ्यावर राग नाही रे. पण 'टेकतं' असं मी त्यांना खोटं कसं सांगू?"
राग असता तर बरं झालं असतं की.

रवि. २१ जून
वारा होता. वैशू न्हाय आली.
अण्णांनी चहा दिला, शेजारी बसवलं. "हे बघ, पोहायला येत नसलं तरी चालतं मला. जाकीट आहे. पण तू आता राखणीला बसायचं नाही. दुसरं काय पण काम कर."
इम्रान म्हणाला, "अण्णा, इसकू बकरी के गले में बांधो, तबीच एक जगा रहता." कुणी हसलं न्हाय. मग तोच म्हणाला, "जाने दे यार. चाय पी."

दिवसभर शिडं धुतली.

रवि. २८ जून
आली. जरा लंगडते अजून. नवा जोड अण्णांनी बसवलेला, तिनं दोनदा ओढून बघितला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा. माझ्यावरनं नजर गेली, थांबली न्हाय.
"इम्रान, बघ."
"देखतूँ, जा."
ती पाण्यात होती तवर मी पण बघत होतो. कुणी सांगितलं नव्हतं. डोळ्यात वाऱ्यानं पाणी आलं तरी पापणी पाडली न्हाय. ती आली, जाकीट काढलं, इम्रानला थँक्यू म्हणली.

जुलैअखेर पुण्याला नोकरीवर चाललीय, असं अण्णांकडनं कळलं. मला न्हाय सांगितलं.

रवि. ५ जुलै
वारा आजपर्यंतचा सगळ्यात जोरात. अण्णा म्हणाले, "जा, तू जा आज. लई दिवस झाले."
कुणाला म्हणू "बघ"? वैशू तितंच शीड गुंडाळत होती. इम्रानला म्हणलं. तो म्हणाला, "देखतूँ."

तळ्याच्या मध्यावर गेल्यावर मागं वळून बघितलं. इम्रान आन् अण्णा गाडीपाशी, दुसरी फळी बांधत होते. राखणीच्या जागेवर कुणीतरी बसलेलं. पिवळी ओढणी. वैशूच. पण एवढ्या लांबनं तोंड माझ्याकडं होतं का रस्त्याकडं, कळंना.

एकदा वाटलं, दोन्ही हात वर करावं. बघत असंल तर उठून उभी ऱ्हाईल. कळंल तरी.
हात शिडाच्या दांडीवरच ठेवले. घट्ट. वारा ओढत होता, आन् मी तितंच उभा ऱ्हायलो.