आधी डावा हात

चाचा, काल दुपारी एगैलाच्या मॉलमध्ये मला तो सुतार भेटला. कुठला सुतार, असं तुम्ही विचारणार नाही. जहऱ्याच्या वर्कशॉपमधला, पाठ धरलेला, ज्याला मी तुमच्या मागे एकटीने सुया लावल्या आणि जो पंधरा दिवसांत गावी परतला, तोच. दहा वर्षं मी असं धरून चालले होते की त्या माणसाची नोकरी माझ्या हाताने गेली, आणि त्यापायी तुमचंही मन मोडलं. काल एका अर्धवट सजलेल्या दुकानाच्या दारात उभं राहून त्याने मला सगळं सांगितलं आणि माझ्या डोक्यावरचं ओझं तिथेच उतरलं. घरी येऊन कुकर लावला तरी माझं हसू जाईना. "आई, व्हॉट हॅपन्ड टू यू?" म्हणून मुलीने विचारलं. तिने तुम्हाला पाहिलं तेव्हा ती रांगत होती. तिला कुठून सुरुवात करून सांगणार? म्हणून तुम्हालाच सांगायला बसले आहे.

मी तुमच्याकडे आले ती दुखरी मान घेऊन. इथे आखातात आल्यावर खैतानच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी शिवणाचं मशीन घातलं होतं. हे एसी दुरुस्तीला सकाळी बाहेर पडले की मी जी मान खाली घालायची ती दुपारपर्यंत. शेजारणीने तुमचं नाव सांगितलं. बाहेर डॉक्टरांची पाटी, आत पडद्यामागे तुमची खोली, एक लोखंडी पलंग, आणि पांढरी दाढी नीट कातरलेले तुम्ही. मी हिंदीत सांगायला लागले, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही म्हणालात, "रत्नागिरीची काय गो बाय तू?" मी चकित. तुम्ही दापोलीच्या किनाऱ्यावरचे, बोटीवर भंडाऱ्याचं, म्हणजे स्वयंपाकाचं, काम करत हाँगकाँगला पोचलेले, तिथे एका म्हाताऱ्या चिनी उस्तादाच्या हाताखाली सुयांची विद्या शिकत सात वर्षं काढलेले, हे पुढे हळूहळू कळलं. बायका पेशंट तुमच्यासमोर बाही वर करायलासुद्धा लाजायच्या, म्हणून तुम्हाला मदतीला बाई हवीच होती. माझी मान सैल झाली तशी तुम्ही मला विचारलंत. मी हो म्हटलं ते विश्वासाने नव्हे. शिवणाच्या कंटाळ्याने म्हटलं.

पहिले चार महिने तुम्ही मला साबणाच्या वडीत सुया टोचायला लावल्यात, मग माझ्याच पायात. पेशंट नसले की शिकवायचात. ती दुपार अजून दिसते: खिडकीला चिकटवलेला चंदेरी कागद, एसीचं गुरगुरणं, आणि काळ्या चहाचा पेला हातात धरून तुम्ही अंगातल्या पाण्याचा हिशेब मांडताय. "बारा रगा हायेत त्या बारा व्हाळ," तुम्ही म्हणता. "रोज व्हातात, रोज काम करतात. पन पावसात व्हाळ फुगला तर पानी जातं कुठं? तळ्यात. तशी आठ तळी हायेत आंगात. जास्तीचा पानी तिथं ऱ्हातो. व्हाळ आटला की तळ्यातना घ्यायचा." त्या आठ जगावेगळ्या वाहिन्या. एक पाठीच्या मधोमध चढणारी, एक पोटावरून येणारी, एक गर्भाशयापासून उठणारी, आणि एक एकटीच आडवी, कमरेला वेढा घालून सगळ्या उभ्या वाहिन्यांना बांधून ठेवणारी. तिचं चिनी नाव माझ्या तोंडात बसेना, तर तुम्ही म्हणालात, "तुमच्यात पोरांच्या कंबरेला करदोटा बांधतात ना, ता हा." ते मी कधीच विसरले नाही. आठांतल्या सहांना स्वतःचं दारच नाही, शेजाऱ्याच्या दारातून आत जावं लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रत्येक तळ्याची किल्ली दोन जागी: एक सुई हाताला, दुसरी विरुद्ध बाजूच्या पायाला. पुरुषाला आधी डावा हात, बाईला आधी उजवा. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "उस्तादानं सांगितला म्हनून." अशा उत्तरावर मी मनात नाक मुरडायची. अंगात अशी तळी खरंच आहेत का हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही कुणी खोदून विचारलं तर मी विषय बदलते. पण तुमच्या खोलीतून वाकडा आलेला माणूस पुष्कळदा सरळ होऊन जायचा, हे मी रोज बघत होते.

तुम्ही रागवायचात मात्र झकास. एका बाईच्या मनगटापासून दोन बोटं वरची जागा शोधायची होती आणि मी सवयीने गळ्यातली शिवणाची टेप काढून "किती इंच?" म्हणून विचारलं. "ती टेप घरी ठेवून ये," तुम्ही पडद्याबाहेरून ओरडलात. "मानसाचा माप त्याच्याच आंगठ्यात. तिचा आंगठा धर आनि मोज. तू काय तिचा ब्लाउज शिवतेस?" ती बाईसुद्धा हसली. मी रागाने लाल झाले, आणि घरी जाऊन ह्यांचा, शेजारणीचा, सापडेल त्याचा अंगठा धरून मोजत बसले. तुमचं ओरडणं मला आवडायचं असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

ईदला मी तुम्हाला भेट दिली ती माझ्या मते माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं. तुमच्या पेटीत उस्तादाने काढलेलं चित्र होतं, पातळ कागदावर समोर तोंड करून उभा असलेला एक पुरुष, आणि त्याच्यावर त्या वाहिन्या. घड्यांवर फाटत चाललेलं. मी ते एक दिवस मागून नेलं, वरून बटर पेपरवर उतरवून घेतलं, रेघांवरून सुईने भोकं पाडली, आणि भरतकामाला छापा घेतात तसा रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवून पांढऱ्या कापडावर घेतला. आठ वाहिन्या आठ रंगांच्या दोऱ्यांत भरल्या. पहिली सुई जिथे लावायची तिथे भरीव ठिपका, दुसरीला पोकळ गोल, उस्तादाने केलं होतं तस्सं. तुम्ही ते कापड भिंतीवर लावलंत आणि येईल त्या पेशंटला दाखवत सुटलात. भोकं पाडलेला कागद दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि छापताना मी तो पालथा ठेवला होता, हे माझ्याही लक्षात आलं नाही, तुमच्याही नाही. अंग दोन्हीकडे सारखंच असतं. फक्त ठिपके आणि गोल बाजू बदलून बसले. तुम्हाला ते बघायची गरजच नव्हती, सगळं डोक्यात होतं. आणि माझ्याकडे तोवर बायकाच असायच्या. त्यांचा कुठला हात ते तुम्ही पडद्यामागून मला सांगायचात.

मग तो दिवस. तुमच्या छातीत दुखत होतं म्हणून तुम्हाला इस्पितळात ठेवलं होतं. दोन जणांच्या खांद्यांवर हात टाकून तो सुतार आला, संगमेश्वराकडचा, तिशीचा, काटकोनात वाकलेला. शनिवारी कामावर दिसला नाही तर इथे राहायचा इकामा रद्द करून तिकीट हातात ठेवीन, असं फोरमनने सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देतो, पण तू सुया लावून बघ. मी पहिल्यांदाच पुरुषाला हात लावत होते. घाबरले, भिंतीवरच्या कापडाकडे बघितलं, आणि पाठीच्या वाहिनीसाठी भरीव ठिपका होता तिथे, करंगळीखालच्या घडीच्या टोकाला, पहिली सुई लावली. उजव्या हाताला. दुसरी डाव्या घोट्याखाली. अर्ध्या तासाने तो उठला, थोडा सरळ झाला, "बरा वाटतं बाई," म्हणाला आणि गेला. शनिवारी तो कामावर गेला नाही. त्याच्या सोबत्याने येऊन सांगितलं की पाठ पुन्हा धरली, आता कागद झाले की तो गावी चालला.

तुम्ही इस्पितळातून आलात त्या संध्याकाळी मी हे सांगितलं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "सुरवात कुठशी केलीस बाय?" आणि तुमचा तो नियम तेव्हा मला आठवला. मी कापडाकडे बघितलं. त्या एका क्षणात सगळं कळलं, पालथा कागदही. आणि मी म्हणाले, "डाव्या हातापासून." चाचा, मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही दाढीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "मग चूक माजी. माज्या शिकवन्यात काय तरी ऱ्हायला." मला वाटलं, आता बोलावं. आणि उठून तुमच्यासाठी चहा ठेवला.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही छातीचं दुखणं घेऊन बसने जहऱ्याला गेलात, त्याला भेटायला. मी तुम्हाला थांबवलंसुद्धा नाही. परत आलात ते एवढंच सांगत, "तो चालला घराकडं." आणि तेव्हापासून तुम्ही बदललात. माझ्याकडे पुरुष पेशंट द्यायला लागलात, पण देण्याआधी त्याच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधायचात, बाईच्या उजव्या. "माजे डोळे गेले आता, निशानी असलेली बरी," म्हणायचात. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. पण दोऱ्यापेक्षा वाईट हे की तुम्ही मला रागवेनासे झालात. माझ्या हातून सुई वाकडी गेली तरी "हळू, बाय," एवढंच. मी त्याचा अर्थ असा लावला की तुमचा स्वतःच्या विद्येवरचा विश्वास उडाला आणि माझ्यावरचाही. दीड वर्ष तुमच्या त्या मऊ आवाजात मी काम केलं आणि रोज सकाळी ठरवायची की आज सांगून टाकीन. मग तुम्ही सुट्टीवर गावी गेलात आणि तिकडून फोन आला.

काल मॉलमध्ये मोबाइलच्या एका नव्या दुकानाचं फर्निचर बसत होतं. मी बाजूने जात होते, तर आतून एक माणूस हातातलं पॉलिशचं फडकं तसंच घेऊन बाहेर आला. पोट सुटलेलं, केस पांढरे. "बाई, तुमी खैतानच्या ना? चाचांच्या?" तेव्हा ओळख पटली. मी आधी त्याची पाठच विचारली.

"पाठीला काय झालाय," तो म्हणाला. "ती दुसऱ्याच दिवशी सुटली. शुक्रवारी मी कपडे धुतले."

"मग कामावर का नाही गेलास?"

तो जरा ओशाळला. "आयस आजारी होती. फोरमन रजा देत नव्हता, दोन वर्सं पुरी कर म्हनत व्हता. पाठ धरली तेव्हा म्हटला, देवानंच वाट दिली. पडून ऱ्हायलो. त्यानं तिकीट काढून दिलान. आयस पुढं चार महिने जगली, मी व्हतो जवळ. मग नव्या व्हिसावर परत आलो."

मी म्हटलं, चाचा तर तुझ्याकडे आले होते. "आले व्हते ना. फळं घेऊन आले. मानूस आजारी असून बसनं आला, त्याच्यासमोर खोटा बोलवेना. सगळा सांगितला. तर विचारतात काय, बाईनं पैली सुई कुठच्या हाताला लावली? मी म्हटला, उजव्या. बाई, चाचा जे हसाय लागले, खोलीतली पोरा उठून बसली. म्हनाले, उस्ताद सांगून गेला डावा, हिनं टोचला उजवा, नि पाठ तर सुटली. आता मेल्यावर मी उस्तादाला काय सांगू?"

मग त्याने फडक्याने हात पुसले आणि पुढचं सांगितलं. तुम्ही निघताना त्याला म्हणालात की यातलं काही खैतानला कळवू नकोस. "म्हनाले, पोर माज्याशी खोटा बोलली ती माज्या वरडन्याला भिऊन. चूक तिची नाय, माज्या तोंडाची. आता वरडनार नाय."

त्या दुकानाचे मालक आले म्हणून तो आत गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. दोरा कशासाठी होता ते मला तिथे कळलं. त्या दीड वर्षाचा मऊ आवाज कशासाठी होता तेही. कापड पालथं छापलेलं आहे हे तुम्ही ओळखलंत, तरी ते काढलं नाहीत, नुसता दोऱ्याने हात दाखवत राहिलात, कारण काढलं असतंत तर मी का म्हणून विचारलं असतं. तुमचं मन मोडलं नव्हतं, तुम्ही जहऱ्याहून हसत परत आला होतात. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जरा रागही आला. चाचा, मला तुमचं ओरडणं चाललं असतं. मी ते बंद पडल्यावर किती वाट बघितली त्याची.

तुमच्या मुलाचा दापोलीचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र त्याला पाठवावं, बापाविषयी त्यालाही बरं वाटेल, असं काल मनात आलं होतं. पाठवणार नाही, कारण इतकं लिहिल्यावर उरलेलंही लिहायलाच हवं, आणि ते मुलाने वाचावं असं नाही. तुम्ही गेल्याचा फोन दवाखान्यात मीच घेतला. रिसीव्हर ठेवला, आणि रडू यायच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोणता हात म्हणून विचारणारं कुणी उरलं नव्हतं.