एक नंबरपर्यंतची फेरी

२ नोव्हें. २००६, गुरु.

सौदा झाला. आमचे सोळाही पॉवरलूम गेले. जी बीमं (ताण्याच्या सुताचे रूळ) आता चढलेली आहेत तेवढी संपवायची, ३० ला शेवटची शिफ्ट, आणि ३ डिसें.ला घेणाऱ्याची माणसं येऊन नटबोल्ट सोडणार. पुढे शेड गोडाऊनला देणार. दापोड्याकडे तेच चाललंय, आपणच काय वेगळे.

बाबा दिवसभर ओटीवर. जेवताना म्हणाले, "वंदे, मना एकदा फेरी मारायची हाय. सगले चालू असताना. पार एक नंबरपावत."

आई म्हणाली, "डाक्टरनी काय सांगलंय? त्या कापसाच्या धुलीत पाय ठेवायचा न्हाय."

बाबांना अंगण ओलांडताना दम लागतो, शेडमध्ये काय जाणार. एक नंबर म्हणजे त्यांचा पहिला लूम, माझ्या जन्माच्या वर्षी घेतलेला. घरापासून सगळ्यात लांब, मेन बोर्डाच्या कोपऱ्यात.

मी बोलून बसले. गाडी बनवते, वर कॅमेरा लावते, तुम्ही ओटीवर बसून चालवा आणि टीव्हीवर बघा. पॉलिटेक्निकात पोरांना हेच शिकवते, एकदा घरात उपयोग होऊ दे.

आई : "लग्नाचं इचारलं का येळ नसतो. याला बरा हाय."

५ नोव्हें., रवि.

ग्रँट रोडहून सामान आणलं. वायपरच्या दोन मोटरी, बिनतारी कॅमेरा, रेडिओचं मॉड्यूल. बॅटरी आपल्या स्कूटरची. खोक्यासाठी आईचा पोह्यांचा पत्र्याचा डबा पळवला. तिला अजून कळलेलं नाही.

१० नोव्हें., शुक्र.

झकास! आज सुट्टी, कारखाना बंद. शेडमध्ये फक्त मी आणि सिराजचाचा (ते शुक्रवारी तेलपाणी करतात). गाडी सोळापासून एकपर्यंत गेली, वळली, परत आली. बटण दाबलं की वळते. चित्र स्वच्छ, भिंतीवरची पाल दिसली. चाचा म्हणाले, "माशाल्ला, सेठ घर बैठे मालिक!" येताना जिलबी आणली. बाबांना उद्या दाखवायची.

११ नोव्हें., शनि.

बंद कारखान्यात चाचणी घेऊन जिलबी खाणारी इंजिनियर फक्त भिवंडीतच जन्माला येते.

सोळा लूम, सोळा मोटरी, वर ट्यूबलाइटचे चोक, चहूबाजूंनी लोखंड. टीव्हीवर नुसत्या पट्ट्या आणि मुंग्या. गाडीला 'सरळ' एवढं ऐकू गेलं, त्यानंतर काही नाही. मी 'थांब' दाबतेय, दाबतेय, ती आपली सरळ. नऊ नंबरच्या खाली घुसली. ताण्याचे शे-दीडशे धागे तुटले. कारीगर दोन तास गाठी मारत बसला, माझ्याकडे बघितलंही नाही.

चाचा : "बिटिया, ये गाड़ी है कि बकरी?"

बाबा उठले. टीव्ही बंद करून आत गेले. त्याचंच जास्त लागलं.

१२ नोव्हें., रवि.

दुपारी चाचा स्वतः आले. बावीस वर्षं आमच्या लूमची दुरुस्ती बघतात, वाईट त्यांनाही वाटलं असणार. मी त्यांना रेडिओचं सांगत होते, गडबडीत गाडीपर्यंत निरोप पोचत नाही वगैरे. ते हसायला लागले.

"इसमें नया क्या है? वहां तो किसी को कुछ सुनाई नहीं देता. हम हाथ दिखाते हैं. सामनेवाला वही हाथ वापस दिखाए, तो बात हुई. नहीं दिखाया, तो फिर से दिखाओ. और जिसको कुछ समझ में नहीं आया, वो अपनी जगह से हिलेगा नहीं. पहले दिन यही सिखाते हैं."

लाज वाटली. हे मी लहानपणापासून बघत आलेय. अंगठा वर म्हणजे धोट्यातली सुताची कांडी संपली, दोन बोटं कपाळाला म्हणजे सेठ येतोय. बाबा मला खांद्यावर घेऊन फेरी मारायचे तेव्हा मीही दोन बोटं कपाळाला लावायचे, सगळे हसायचे, मला वाटायचं मीच सेठ. आणि मी शिकून मोठी झाले तरी गाडीला सांगून गप्प बसले, ऐकलंस का म्हणून विचारलंच नाही!

१६ नोव्हें., गुरु.

चार दिवस तेच. आता प्रत्येक हुकूम पाच वेळा जातो. गाडी तोच हुकूम परत पाठवते, मग रिमोटवर हिरवा दिवा. अर्धा सेकंद काही कळलं नाही तर जागच्या जागी ब्रेक. अँटेना लूमच्या वर निघायला हवी म्हणून बांबूची काठी बांधली. कुणीतरी काठीला लाल फीत लावलीय. आमची गाडी आता नवरीसारखी हिंडते. चाकात रुई गुंडाळते, ती रोज चिमट्याने काढायची.

पोह्यांच्या डब्याचं आईला कळलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

२० नोव्हें., सोम.

बाबांनी पहिल्यांदा चालवली.

मी शेजारी बसले होते, हात शिवशिवत होते, पण लावला नाही. सोळा, पंधरा, चौदा. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचे, मग पुढे. टीव्हीवर पट्ट्या होत्याच, त्यातून धोटा इकडून तिकडे पळताना दिसे. बाबा ओरडून बोलत होते, जणू शेडमध्येच आहेत. "ह्या बाराचा पट्टा ढिला हाय! सिराजला सांग!" सांगितलं. खरंच ढिला होता.

आमच्या घरात हळू बोलणं म्हणजे रुसणं. शाळेत बाई म्हणायच्या, वंदना, मी बहिरी नाही. पण गेले सात-आठ महिने बाबा हळूच बोलायचे. आज पुन्हा गल्लीपर्यंत आवाज. आई आतून म्हणाली, "झाला चालू." आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

पाच नंबरशी गाडी थांबली. हिरवा दिवा नाही. अर्धा तास बघितलं, मग चाचा उचलून घेऊन आले.

२४ नोव्हें., शुक्र.

शेडच्या खिडकीत दुसरी अँटेना बसवली. काल तीनपर्यंत गेली होती, पुढे नाही. तिथे मेन बोर्ड कडकडतो आणि मधे सगळं लोखंड. आणखी जोर लावणारं मॉड्यूल मिळायला पंधरा दिवस. पंधरा दिवस कुणाकडे आहेत?

चाचा म्हणाले, मी डबा हातात धरून एक नंबरला नेतो, सेठ बघतील. बाबा म्हणाले, "मना फेरी मारायची हाय. वरात न्हाय काढायची."

२६ नोव्हें., रवि.

सकाळी चहा पिताना कपातल्या चहावर बारीक लाटा. सोळा लूमच्या. लहानपणी मला वाटायचं सगळीकडचाच चहा असा हलतो. खारबावला मावशीकडे गेले तर कप स्थिर, रात्री झोप येईना. दोन दिवस रडले, मग परत आणलं मला. मावशी अजून चिडवते.

बीमं संपत आली आहेत. चार कारीगर गावी जायचं तिकीट काढून आले.

मला सौदा मोडायचा नाही. बाबांची छाती बघितली की वाटतं, बरं झालं. पण वाईटही वाटतं आणि ते लपवायचा कंटाळा आला.

२९ नोव्हें., बुध.

पुन्हा तीन नंबर. पुन्हा थांबली. आता एकच दिवस.

३० नोव्हें., गुरु.

रजा टाकली. ओटीवर बसून लिहितेय, कारण माझ्या हातात काही नाही. रिमोट बाबांकडे.

दोनला निघाली. सोळाही चालू. पावणेतीनला तीन नंबरपाशी उभी. हिरवा दिवा नाही. टीव्हीवर पट्ट्या.

चाचांचा फोन. शेडच्या बाहेर येऊन करत होते. "सेठ, आखिरी दिन है. पांच-छह लूम पांच मिनट बंद करूं? आपकी गाड़ी चल पड़ेगी."

बाबा म्हणाले, "न्हाय. चालता लूम मी कदी बंद कराया सांगला न्हाय. आज पन न्हाय."

मी म्हटलं, बाबा, पाच मिनिटांनी काय होतं? त्यांनी ऐकलं नाही. मला राग आला. मग राग गेला. त्यांचंच आहे सगळं.

साडेतीन. चौदाचं बीम संपलं. मग दहाचं. संपलं की कारीगर लूम बंद करतो, तागा कापतो, उतरवतो. आवाज थोडा थोडा कमी होतोय, जिवाला ते बरोबर कळतंय. आता माझ्या डोक्यात एकच. एक नंबरचं बीम आधी संपलं तर? आवाज उतरायला हवा आणि तो लूम चालूही राहायला हवा. बाबांना हे माझ्याआधी कळलं होतं, म्हणून ते टीव्हीकडे बघतच नाहीयेत, कान देऊन बसलेत.

साडेचार. सहा चालू. पट्ट्या विरळ झाल्या. आई चहा घेऊन आली, कुणी घेतला नाही, ती पण बसली.

पाच वाजून दहा. तीन चालू. हिरवा दिवा!

बाबांनी लगेच बटण दाबलं नाही. दोन्ही हात लुंगीला पुसले, मग दाबलं. गाडी हलली. दोन नंबर, बंद, कारीगर तागा खांद्यावर टाकून निघालाय. मग वळण. मग एक नंबर, चालू! चित्र इतकं स्वच्छ की लूमचा झिजलेला हत्ता दिसतोय, बाबांच्याच हाताने झिजलेला. बाबा रडताहेत. आई माझा हात धरून बसली.

पाच वाजून पंचवीस. बाकीचे सगळे बंद. फक्त हा एक. त्याचा आवाज इथपर्यंत येतोय, एकट्याचा. मी तो एकटा कधी ऐकलाच नव्हता.

आत्ता थांबला. चाचांचा फोन, लूमशेजारी उभे राहूनच. आज पहिल्यांदा तिथून बोललेलं ऐकू येतंय. टीव्हीवर तेच दिसताहेत, हातात भरलेली कांडी.

"सेठ, कांडी खत्म. बीम में अभी दो-ढाई गज बाकी है. एक और डालूं, कि बस करें?"

बाबा फोन कानाला धरून टीव्हीकडे बघताहेत. चाचा कॅमेऱ्याकडे बघत थांबलेत. पाच मिनिटं झाली, भरलेली कांडी अजून चाचांच्या हातातच.