फळीचा आवाज

रविवार, डिसेंबर १९९७

अंपायर विकला गेलाय असं म्हणू नकोस! संध्याकाळपर्यंत मी पण तेच ओरडत होतो. ऐक की आधी.

कॉलेजांची हॉकी फायनल, कप दरवर्षी सांगलीला जातोय, आणि एक-एक बरोबरी. आमचा कॅप्टन संज्या, त्याचा फटका गोलात गेला, मागच्या फळीवर आपटून बाहेर आला. अंपायर म्हणाला, खांबाला लागला, गोल न्हाय! आम्ही पेटलो. "ओ पावणं, चष्मा घालून या!" दोस्त बाप्या तर हलगी आणखी जोरात बडवाय लागला.

संज्या धावत आमच्याकडं आला. "बाप्या, हलगी ठेव खाली! फळी वाजलेली त्याला ऐकूच आली न्हाय."

व्हय की. गोल झाला की फळी वाजते, ठक्क. तो आवाज आम्हीच गिळला हुता.

शेवटचा पेनल्टी कॉर्नर. कोल्हापूरचं पब्लिक आणि चिडीचूप! कधी बघितलंयस? बाप्यानं हलगी पोटाशी धरलेली. संज्यानं मारला.

ठक्क.

अंपायरचे दोन्ही हात मैदानाच्या मध्याकडं. गोल! कप आमचा!

आता म्हणशील, मग तो आधीचा गोल... कोण ऐकतंय? गल्लीत हलगी सुरू झालीया. चाललो मी.