आई, तू सी-सात होतीस

प्रिय आई, आधी सगळं वाचून घे, मग काय रागवायचं ते रागव,

काल माझं नोकरीचं पत्र आलं. रक्त तपासणारी कंपनी आहे, नोएडाला. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि मग ते तुझ्या फोटोपुढे ठेवून हात जोडले. म्हणाले, "बघ, मला वेळेत कळलं नाही. पण आता आपली पोरगी दुसऱ्यांना वेळेत सांगेल." मी तिथंच उभी होते, पेढा तोंडात. शेवटी मोरीत जाऊन थुंकून आले.

म्हणून हे पत्र. मराठी लिहायची माझी बोंबच आहे. इथं झाशीत शाळा हिंदीत, कॉलेज इंग्रजीत, मराठी तेवढी तुझ्या तोंडून ऐकलेली. पण तुला हिंदीत लिहिलं असतं तर "आमच्या माहेरी, गुरसरायला, पोरी घरात मराठीच बोलायच्या हो" हे पुराण सुरू झालं असतं. तेव्हा चुका काढू नकोस. दुपारचे तीन वाजलेत, बाबा पेन्शनवाल्या मंडळींकडे गेलेत, तासाभरात येतील.

एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आठवतं? माझा प्रबंध डिझेलच्या धुरात काम करणाऱ्या मेकॅनिकांच्या रक्तावर होता. पण नुसते मेकॅनिक तपासून भागत नाही. तुलनेला वीस धडधाकट माणसंही लागतात, त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. आणि बायोटेक्नॉलॉजीच्या पोरी धडधाकट माणसं आणतात कुठून? घरून! सगळ्यांचं तेच. कुणी भावाचं बोट टोचतं, कुणी मामीचं. घरचं माणूस म्हणजे नॉर्मल, हे आम्ही आधीच ठरवून टाकलेलं असतं.

तू ओट्यावर मटार सोलत होतीस. मी म्हटलं, "आई, एक थेंब दे." तू बोट पदराला पुसून पुढं केलंस आणि वर मला बजावलंस, "नीट घे गं, माझं रक्त गुरसरायचं आहे, पातळ नाही निघायचं!" काचपट्टीवर मी मार्करनं लिहिलं, सी-सात, म्हणजे सातवा कंट्रोल. नाव लिहायची पद्धत नाही ना.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली सी-सात बघितली आणि माझं डोकंच सणकलं. जिथं दोन-तीन पांढऱ्या पेशी दिसायला हव्यात तिथं गर्दीच गर्दी. लहान, मोठ्या, अर्धवट वाढलेल्या. मला वाटलं, थेंब जाड पसरला. मग वाटलं, रंग चुकला. सगळं वाटलं गं, फक्त ही काचपट्टी खरं बोलत असेल एवढं वाटलं नाही. माझे गाईड सर घाईत होते, प्रबंध जमा करायची तारीख डोक्यावर होती. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळाही न लावता सांगितलं, "कंट्रोल तो नॉर्मल होना चाहिए। हटाओ इसे, नया ले लो।" मी हटवलं. वहीत त्या ओळीवर काट मारली आणि समोरच्या चाचीजींचं बोट टोचून आणलं.

घरी येऊन तुलाच चिडवलं की तुझ्या रक्तानं माझा सगळा हिशोब बिघडवला. तू हसलीस. "म्हणजे रक्तसुद्धा कामाचं नाही माझं? घे, दुसरं बोट घे." दुसरं बोट तू पुढं केलं होतंस, आई. मी म्हटलं, राहू दे, वेळ नाही.

मी तुला तपासलंच नाही. गृहीत धरलं.

मग सुरू झाली नोकरीची तयारी. फेलोशिपची परीक्षा, मुलाखती, आणि ती पुठ्ठ्याची दोन-अडीचशे कार्डं. पुढच्या बाजूला इंग्रजी प्रश्न. मागच्या बाजूला उत्तर, तुला वाचता यावं म्हणून देवनागरीत. पोळ्या लाटता लाटता तू माझी तोंडी परीक्षा घ्यायचीस. काय मास्तरीण होतीस गं! एक शब्द इकडचा तिकडे झाला की लाटणं ओट्यावर आपटायचीस. "चूक! परत म्हण." विषयातलं तुला ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी कार्डांतली निम्मी उत्तरं तुला माझ्याआधी पाठ झाली.

तुझं लाडकं कार्ड कुठलं होतं, आठवतं? एक रक्ताचा कर्करोग, ज्यात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होतात. तुला ते सोपं वाटायचं. मी नुसता प्रश्न वाचायला लागले की तू ओरडायचीस, "नऊ-बावीस!" पुढचं मी घडाघडा म्हणायची. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, थकवा येतो, थोड्या जेवणानं पोट भरतं, प्लीहा वाढते, रोज एक गोळी घेऊन लोक वर्षानुवर्षं नीट जगतात.

एकदा तू मधेच विचारलंस, "प्लीहा म्हणजे आपली पाणथरीच ना गं? कुठं असते ती?" मी माझ्या डाव्या बरगडीखाली हात ठेवून दाखवलं. तू "हं" म्हणालीस आणि पोळी तव्यावर टाकलीस. तुझाही डावा हात तिथंच गेला होता. आज डोळे मिटले तरी दिसतो तो हात! तेव्हा दिसला नाही, कारण मी पुढचं कार्ड काढत होते.

पण तू तरी का गप्प बसलीस? अर्धी पोळी खाऊन ताट सारायचीस, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या, दुपारी जिन्यावर टेकायचीस. विचारलं की म्हणायचीस, "झाशीचा उन्हाळा, दुसरं काय!" बाबांनाही तेच. त्यांनी तुला लोहाच्या गोळ्या आणून दिल्या आणि तू त्या शहाण्या मुलीसारख्या घेतल्यास. माझी परीक्षा होऊ दे, मग बघू, हेच ना तुझ्या मनात? कुणी सांगितलं होतं तुला एवढं शहाणपण करायला?

शेवटी ग्वाल्हेरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा रोगानं रूप पालटलं होतं, आता तो गोळीला दाद देणार नव्हता. डॉक्टर बाबांना म्हणाले, "ये एक दिन में नहीं होता। पहले मामूली ख़ून की जाँच भी करा ली होती तो पकड़ में आ जाता। इसकी तो गोली आती है, बाबूजी।" बाबांनी खिशातून लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांना दाखवली. आणि मी? माझ्याजवळ ती मामूली जाँच होती. घरी फडताळात, वहीच्या सातव्या ओळीत, काट मारलेली. मी बाबांना पाणी आणून दिलं.

रिपोर्ट आला तो तू माझ्या हातातून घेतलास. इंग्रजी अक्षरं सोडून नुसत्या आकड्यांवर बोट फिरवलंस आणि माझ्याकडे बघितलंस. "नऊ-बावीसच ना गं?"

मी मान हलवली.

मग तू रिपोर्टाची घडी घातलीस. म्हणालीस, "ते टाकलंस ते रक्त... बरोबरच होतं म्हणायचं." आणि मी रडायला लागले तसा माझा हात तुझ्या गळ्यावर ठेवलास. "बाबांना यातलं अक्षर कळता कामा नये. त्यांना तुझं तोंड बघवणार नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." मी घेतली शपथ. शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची घातली ते माणूस मरतं, हे लहानपणापासून तूच माझ्या डोक्यात भरवलंयस. त्या घडीला मला दुसरी कसली भीती असणार?

सतराव्या दिवशी तू गेलीस.

तू मला वाचवलंस, असं तुला वाटलं असेल. पण बाबांचं काय झालं, बघितलंस का? रोज सकाळी चहाचा कप हातात धरून एकच वाक्य, "ती थकत चालली होती, आणि मी लोहाच्या गोळ्या आणून दिल्या." चहा निवून जातो. पाहुण्यांसमोर तेच, देवळात तेच. चाचीजी समजावतात, "भाईसाहब, आपका क्या दोष?" त्यावर ते म्हणतात, "मेरा नहीं तो किसका?" आणि मी तिथंच असते, आई. मी सगळं ऐकून भाजी चिरत राहते. माझं पाप तो म्हातारा माणूस आपलं म्हणून वागवतोय, आणि मी त्याला वागवू देतेय. कसली गं शपथ ही तुझी!

मुलाखतीत एका बाईंनी माझा प्रबंध चाळत विचारलं, "वीस के वीस कंट्रोल नॉर्मल? कोई अजीब नहीं निकला?" मी म्हटलं, "जी नहीं, मैडम।" नुसती जीभ उचलली आणि खोटं बोलले. त्यावर ही नोकरी. त्यावर कालचे पेढे.

तर आता ऐक. त्या बाईंना मी सकाळीच खरं ते कळवलंय. एकवीस कंट्रोल होते, त्यातलं एक रक्त मी टाकलं, ते बरोबर होतं. आता नोकरी देतील न देतील, त्यांची मर्जी. कुठंही कामाला लागले तरी विचित्र निघालेलं रक्त दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय टाकणार नाही, माणूस घरचं असो की परकं. एवढं वचन माझं तुला.

आणि तुला दिलेलं जुनं वचन मी आज मोडतेय. वही फडताळातून काढलीय. ते पान उघडून बाबांच्या खुर्चीसमोर ठेवलंय. काट खोडता येत नव्हती, म्हणून शेजारी तुझं पूर्ण नाव लिहिलंय. बाबा मला घराबाहेर काढतील, बोलणं टाकतील, काय करतील देव जाणे. पण उद्याचा चहा ते गरम पितील.

शपथ मोडली की माणूस मरतं म्हणायचीस ना? मी तर पाळली होती गं.

फाटक वाजलं. आले ते.

तुझी,
नीलू