पेन्सिलची जाडी

४ मार्च
परत शून्य चुकलं! ड्रॉइंगवाल्याने शून्य डाव्या कोपऱ्यात धरलेलं, पैलवानाने मशीनवर प्लेटच्या मधोमध धरलं. कटर हवेत भोकं पाडायला निघाला. पैलवान म्हणजे आमचा मिलिंग मशीनवाला — फुंकर मारली तर उडेल असा, म्हणून पैलवान. ओरडला माझ्यावरच. "तू पॉइंट देतोस का कोडी घालतोस?"

माझं काम एवढंच. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग उघडायचं, एकेका कोपऱ्यावर, एकेका भोकाच्या मध्यावर क्लिक करायचं, शून्यापासून, म्हणजे मोजणी सुरू होते तिथून, किती आडवं, किती उभं ते उचलून मशीनला द्यायचं. त्या पॉइंटांवरून कटर फिरतो. शाळेत हे एक्स-वाय आलं आणि मी शाळेतून गेलो. आता दिवसभर तेच. खोड जिरली म्हणायची.

इथे किती टिकतोय बघू. आधीच्या दोन ठिकाणी बूड टेकलं नाही.

६ मार्च
ताईचा फोन. बाबांचं शिलाई मशीन बंद पडलं. दोरा वर ओढणारी दांडी असते, बोटाएवढी — मधोमध तुटली. मशीन इतकं जुनं की सुटा भाग कुठेच मिळेना. दुकानात दुसरं मशीन नाही. म्हणजे दुकानच बंद.

"तू लोखंडातच असतोस ना? दे की बनवून."
"बाबांनी सांगितलं?"
"बाबा काय सांगणार!"

म्हणजे नाहीच. घर सोडल्याला दोन वर्षं झाली, बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. माझा फोन आला की इस्त्रीत डोकं घालतात म्हणे. मला शिंपी करायचं होतं त्यांना. कापड बेतायला बसवलं की एकच वाक्य — "सरळ रेघ मारता येत नाही, तू जगात काय करणार!" खोटं नव्हतं. माझी रेघ बाजाराला जाऊन यायची.

ताईला सांगितलं — तुकडे जोडून कोऱ्या कागदावर ठेव, पेन्सिलने कडेकडेने गिरव. भोकं आतून गिरव. शेजारी फूटपट्टी ठेव आणि अगदी वरून फोटो काढ. जाडी किती विचारलं तर म्हणाली, दोन नाणी एकावर एक ठेवली तेवढी. मोजमाप आमच्या घरचं!

८ मार्च
फोटो आला. फूटपट्टीवरून माप लावलं, रेघेवर पॉइंट टिपत गेलो. रेघ काही धड नाही. सरळ कडेलासुद्धा लाटा. ताईने घाईत काढलं असणार. लाटा सपाट केल्या, झालं.

सुपरवायझरला विचारलं. "भंगारातला तुकडा घे, जेवणाच्या सुट्टीत कर, आणि मला दिसू देऊ नकोस." म्हणजे हो.

९ मार्च
पैलवानाने कापून दिली. दांडी चकाचक. "बापाला म्हणावं, माझ्या पँटची चेन बसवून दे." पार्सल गेलं.

१२ मार्च
पलीकडच्या गोदामात माणसं घेतायत. विचारून आलो. नुसती खोकी उचलायची. डोक्याला ताप नाही.

१७ मार्च
बसत नाही! ताई म्हणते, "मोठी झाली रे, सगळीकडून थोडी थोडी. आणि भोकं बारीक. खिळा शिरत नाही." गिऱ्हाईकं अर्धवट कपडे परत नेतायत.

"बाबा काय म्हणाले?"
"काही नाही. हातात घेऊन उलटीपालटी केली, ठेवून दिली."

बाबांचं ते ठेवून देणं मला माहीत आहे. माझं बेतलेलं कापड असंच ठेवून द्यायचे. शिव्या परवडल्या.

१८ मार्च
सापडलं! पैलवानाला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला — माझ्या. पेन्सिल वस्तूच्या बाहेरून फिरते. टोकाची निम्मी जाडी बाहेर, म्हणून दांडी मोठी. भोकात ती आतून फिरते, म्हणून भोकं बारीक. कटरचंही तसंच असतं, म्हणून पॉइंट देताना त्याची त्रिज्या मी रोज सोडतो. झोपेतही सोडेन. आणि पेन्सिलची विसरलो!

"पेन्सिल कटर नाही वाटलं तुला?" पैलवान दिवसभर हेच.

ताईला सांगितलं — टोक बारीक कर, पेन्सिल उभी धर, परत गिरव.

१९ मार्च
गोदामवाल्यांचा निरोप. उद्यापासून ये म्हणतात. दांडी झाल्यावर बघतो म्हटलं. त्यांना काय कळणार दांडी म्हणजे काय.

२० मार्च
दुसरा फोटो. रेघ बारीक आली. त्यामुळे लाटा जास्तच दिसतात. मोठं करून बघितलं. घाईत रेघ सुटते, नाहीतर एकदम बाहेर जाते. ही तशी नाही. आत-बाहेर, आत-बाहेर, सारख्या अंतराने, शेवटपर्यंत. लोखंडाला टेकवून ओढलेली रेघ, तरीही!

ताईला फोन लावला.
"हे तू गिरवलंस?"
"मी कशाला? बाबांनी. पहिलंही त्यांनीच. मी पेन्सिल घेतली तर वसकन अंगावर आले. 'त्याच्याकडे माप जायचंय, तू हो बाजूला.'"
"त्यांचा हात कधीपासून हलतो?"
ती हळूच म्हणाली, "तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालं. मशीन मीच चालवते. कात्रीही मीच. बाबा इस्त्री करतात, तेवढी जमते. तुला सांगायचं नाही अशी ताकीद आहे. मी सांगितलेलं नाही हं."

नाही सांगितलेलं.

२१ मार्च
दोन्ही रेघांतून ज्या-त्या पेन्सिलची निम्मी जाडी काढली, मग दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. जिथे दोन्ही रेघा जुळतात तिथे तसंच ठेवलं, जिथे नाही तिथे मधला पॉइंट धरला. मग सरळ कडेचे सगळे पॉइंट एका रेषेत आणले, वाकाचे वाकात. एकेक.

पैलवान मागून वाकून बघत होता. "कोणी काढलंय रे हे? बसमध्ये बसून?"
"बाबांनी."
"शिंपी आहेत ना ते?"
"हो."
तो स्टूल ओढून शेजारी बसला. घंटा झाली तरी उठला नाही. मग म्हणाला, "भोकं सगळ्यात शेवटी मारू. दांडी हलायला नको."

२२ मार्च
पार्सल गेलं. गोदामवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. का ते त्यांनी विचारलं नाही, बरं झालं.

२९ मार्च
बसली! ताईने फोन मशीनशेजारी धरून आवाज ऐकवला. तेवढ्यात मागून बाबा — "विचार त्याला, रेघ सरळ आली होती का?"
ताईने विचारायच्या आधीच मी मोठ्याने सांगितलं. एकदम सरळ, बाबा. एकही पॉइंट हलवावा लागला नाही.