टेबलाच्या कडेकडे बघ

म्हैसूर
११ जानेवारी २०२५

प्रिय निनू,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील, असं पुढे लिहायची सवय आहे, म्हणून लिहिते.

तिथे तुरुंगात पत्र हातात देत नाहीत, त्याचा फोटो काढून पडद्यावर दाखवतात, असं तुझा दोस्त विक्रांत म्हणाला. म्हणून अक्षर मोठं काढतेय. फोनवर तर आपलं 'जेवलास का' आणि 'जेवलीस का' होईपर्यंत मध्येच ती रेकॉर्डवरची बाई बोलते, वेळ संपत आली म्हणून.

तुझ्या वकीलबाईंनी, टेरेसा मॅडमनी, मला बजावलं आहे. खटल्याबद्दल पत्रात काही लिहायचं नाही. पत्रं वाचली जातात, मराठी असली तरी कुणाकडून तरी वाचून घेतील. जेवढं तिथल्या पेपरात छापून आलंय तेवढंच लिहिते, म्हणजे कुणाची हरकत नको. गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी अंधार पडल्यावर तुझ्या गाडीची धडक बसून ब्रॅनिगन नावाचे एक म्हातारे गृहस्थ गेले. तू थांबला नाहीस. तुला वाटलं, हरीण होतं. तुला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच ज्युरीतली ती बारा माणसं ठरवणार आहेत. झालं. आता मी कपड्यांबद्दल लिहिते.

तिथे म्हणे तुरुंगातले कपडे घालून कुणाला ज्युरीपुढे बसवत नाहीत. टेरेसा मॅडम म्हणाल्या, विक्रांत तिथेच कोट विकत घेईल. मी म्हटलं, नाही, कोट मी पाठवणार. काळा नको, तो श्रीमंत दिसतो. निळा नको, तो विकणाऱ्या लोकांसारखा दिसतो. करडा चालेल. शर्ट पांढरा, घड्याळ नाही. दाढी काढायची, आणि तुझा तो जुना चष्मा लावायचा. तुझे दोन फोटो त्यांनी तिथल्या काही अनोळखी लोकांना दाखवले होते, एक दाढीचा आणि एक चष्म्याचा. हा माणूस खरं बोलतो असं वाटतं का, असं विचारलं. दाढीच्या फोटोला बहुतेक जण नाही म्हणाले, चष्म्याच्या फोटोला हो. मी म्हटलं, अहो, पण दोन्ही तोच आहे ना! त्या म्हणाल्या, "मिसेस अलका, म्हणूनच तर मी तुमच्याशी बोलतेय."

मी नजरबादला नागोजीराव टेलरकडे गेले. ते इथलेच, कित्येक पिढ्यांचे. त्यांचं मराठी तुला आठवत असेल, अर्धं कन्नडच.

"अक्का, कोट इंटरव्ह्यूला काय?"

मी तुझ्या मापांचा कागद पुढे केला.

"मग लग्नालाच! हुडुगी, नवरी कुठली?"

"तिथलीच," म्हटलं.

"अय्यो, मग माप घ्यायला मुलगा नको काय? फोनवरच्या मापानं कोट होत नाही हो अक्का."

तू बारीक झालायस, तेव्हा खांद्याला थोडा आत घ्या, एवढंच मी सांगितलं. त्यांनी आतल्या खिशाला लाल रेशमी पट्टी लावली आहे, नवरदेवाचा कोट म्हणून, वर पैसेही घेतले नाहीत तिचे. ती काढून टाका म्हणायला मला तोंड नव्हतं. आतल्या बाजूला आहे, कुणाला दिसणार नाही.

आणखी एक. टेरेसा मॅडमनी आम्हाला तो व्हिडिओ दाखवला, पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचा, तो तुझ्या दारात आला त्या सकाळचा. त्याबद्दल लिहायचं नाही, लिहीत नाही. फक्त तुझ्या हसण्याबद्दल त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हा लहानपणापासून घाबरला की हसतो. पाचवीत मुख्याध्यापकांसमोर हसलास आणि त्यांनी दुसरी थप्पडही ठेवून दिली, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, कोर्टात असं हसू आलं तर संपलंच.

म्हणून सांगते. हसू यायला लागलं की टेबलाच्या कडेकडे बघ. मान वर करू नकोस. लहानपणी देवळात हसू फुटायचं तेव्हा तू समईच्या बुडाकडे बघत राहायचास, तसं.

मंगळवारी संक्रांत. शेजारच्या वरलक्ष्मी तिळगुळाच्या जागी त्यांचं एळ्ळू-बेल्ला देऊन गेल्या, तुझ्या नावाची पुडी वेगळी. त्यांना वाटतं तुला सुट्टी मिळत नाही.

बाबांचा आशीर्वाद आहे. ते म्हणाले नाहीत, पण आहे.

तुझी
आई


म्हैसूर
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय निनू,

अनेक आशीर्वाद. पत्र तुला मिळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते. हात रिकामा राहिला की काहीतरी घासायला घेते. काल गॅसची शेगडी घासली, आज देवाची भांडी, ती तर कालच लखलखीत होती.

सकाळी उठलं की आधी विक्रांतचा मेसेज बघायचा. तो आणि अदिती, नवराबायको दोघं, रोज तुझ्या मागच्या बाकावर बसतात, एवढा एक धीर आहे. तुझी जागा कुठे, ज्युरी कुठल्या हाताला, सगळं त्यानं कागदावर काढून पाठवलं. मी त्यात तुला शोधते, म्हणजे त्या चौकोनाला. तो लिहितो, 'निनाद शांत आहे. अजिबात हसला नाही.' मी लिहिते, 'शाब्बास म्हणावं.' कोट खांद्याला बरोबर बसला म्हणे.

मी येणार होते, तुला माहीत आहेच. टेरेसा मॅडमनी माझेही कपडे ठरवले होते. साडी चालेल, पण साधी. टिकली लहान. रडू आलं तर अडवू नका, पण आवाज नको. मी तशी साडी काढून ठेवली होती, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच जूनची मिळाली. खरं लिहू? तारीख कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. का ते विचारू नकोस.

काल बाबांशी भांडण झालं. त्यांना कडकोळच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण बोलणं अजून तिथे अपघातांची चौकशी करायचे तसंच. मी विक्रांतचा मेसेज वाचून दाखवत होते, ज्युरीतली एक बाई तुझ्याकडे बघून नाक मुरडते असं त्यात होतं.

"म्हणजे बारा माणसांना त्याचा कोट आवडला तर तो सुटणार," बाबा म्हणाले, "आणि त्या म्हाताऱ्या माणसाचं काय?"

"आपला मुलगा आहे तो."

"म्हणूनच विचारतोय." मग बराच वेळ पेपर उलटसुलट करत राहिले. "मी तरी कुठला मोठा? चौकशीला कामगार समोर आला की मी आधी त्याचे बूट बघायचो. नाड्या नीट बांधलेल्या असल्या की मला वाटायचं, हा निष्काळजी नसणार. किती जणांच्या नोकऱ्या त्या नाड्यांवर ठरवल्या कुणास ठाऊक."

मी म्हटलं, "आता हे कशाला?"

"अलका, तू एकदा तरी त्याला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"राहू दे," म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

मला उत्तर माहीत होतं, निनू. वकिलांनी मना केलंय म्हणून नाही विचारलं. पण हे मी त्यांना सांगेपर्यंत ते फाटकाबाहेर गेले होते.

आज बेट्टदपुरच्या डोंगरावर जाऊन आले, वरलक्ष्मी आणि त्यांची सून रजनी यांच्याबरोबर. वर देवापुढे उभी राहिले आणि काय मागायचं तेच सुचेना. 'सुटू दे' एवढं दोन शब्दांचं मागणं, पण ते ओठावर येईना. शेवटी नुसता नमस्कार केला. उतरताना रजनी म्हणाली, "मागितलंत का?" मी म्हटलं, "मागितलं."

टेबलाकडे बघ, बाळा. थोडेच दिवस.

तुझी
आई


म्हैसूर
६ मे २०२५

प्रिय निनू,

अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीअखेर निकाल लागला तेव्हापासून तुला पत्र लिहिलं नाही. फोनवर हवापाण्याचं बोलले. तुला वाटलं असेल, आई रागावली. ज्युरीनं तुला दोषी ठरवलं याचा राग नव्हता. राग होता तो टेरेसा मॅडमनी नंतर जे सांगितलं त्याचा.

निकालानंतर मॅडम ज्युरीतल्या काही जणांशी बोलल्या, तशी तिथे मुभा असते म्हणे. ती नाक मुरडणारी बाई म्हणाली, "आम्हाला त्याच्या कपड्यांत काही वावगं दिसलं नाही. पण तो आठवडाभर टेबलाकडे बघत बसला. त्या गृहस्थांचा फोटो दाखवला तेव्हाही मान वर केली नाही. ज्याला खरंच हरीण वाटलं असेल, तो एकदा तरी बघेल ना, की आपल्या गाडीखाली कोण होतं ते?"

मी फोन ठेवला. टेबलाकडे बघ हे तुला मीच लिहिलं होतं. हसला असतास तर निर्लज्ज ठरला असतास. हसला नाहीस, तर दगड ठरलास. मग मी त्या बाईवर चिडले, टेरेसा मॅडमवर, कोटावरसुद्धा. बाबांना म्हटलं, माझ्या सांगण्यामुळे मुलगा अडकला. ते माझ्याजवळ येऊन बसले तेवढे.

आणि आता शिक्षा सुनावायच्या दिवशीचं विक्रांतनं कळवलं.

त्यानं सगळं लिहिलं आहे. ब्रॅनिगन बाई, त्या गृहस्थांच्या पत्नी, आधी बोलल्या. मग न्यायाधीशांनी तुला विचारलं, काही सांगायचं आहे का. टेरेसा मॅडमनी लिहून दिलेला कागद तुझ्या हातात होता. तो तू खाली ठेवलास आणि न्यायाधीशांकडे नाही, त्या बाईंकडे वळलास. म्हणालास, "मला कळलं होतं. आरशात मला त्यांची टोपी रस्त्यावर पडलेली दिसली. मी घाबरलो आणि निघून गेलो." आणि मग तुला हसू आलं. टेरेसा मॅडमनी कपाळाला हात लावला. तू तोंड लपवलं नाहीस, तसाच त्या बाईंसमोर उभा राहिलास, तोंडभर ते हसू घेऊन.

तीन वर्षं. त्यानंतर तुला इकडे परत पाठवतील.

आता मी लिहिते, कारण कोर्टात तूच सांगून टाकलंस, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. तो पोलिसाचा व्हिडिओ. पोलीस तुला म्हणतो, "काल संध्याकाळी एक माणूस मेला आहे," आणि तू हसतोस. ते बघून मला वाटलं, याला माहीत आहे. मी आई आहे, मला तुझं घाबरण्यातलं हसू ओळखू येतं, ते तेच होतं. पण हरीण मारलेल्या माणसाला एवढं घाबरायचं काय कारण? हे मला त्याच क्षणी कळलं. आणि पुढच्या क्षणी मी टेरेसा मॅडमना सांगत होते, लहानपणापासून असाच आहे तो. दोन्ही खरं होतं. मी त्यांना एकच सांगितलं, आणि तुला तर त्यातलंही काही नाही. तुला कोट शिवून पाठवला.

म्हणून व्हिसा वेळेत न मिळाल्याचं मला बरं वाटलं होतं. लहान टिकली लावून मी तिथे बसले असते, तर त्या बारा जणांनी माझ्याही चेहऱ्याकडे बघितलं असतं. त्यावरचं मला लपवता आलं नसतं.

विक्रांतनं आणखी एक कळवलं. तुला सांगू नको म्हणाला, पण मी सांगते, सांगायचं नाही असं आपल्याकडे फार झालं. कोर्टाबाहेर ब्रॅनिगन बाई त्याच्याजवळ आल्या.

"तो घाबरला की त्याला असं हसू येतं का?"

विक्रांत म्हणाला, "हो. कॉलेजपासून बघतोय."

"माझा भाऊ असाच होता," त्या म्हणाल्या. मग जाता जाता वळल्या. "पण मी त्याला माफ केलंय असं त्याला सांगू नका. केलेलं नाही."

सगळ्या कोर्टात तुझं हसू एकाच बाईला कळलं, निनू, आणि ती नेमकी तीच. बाबांनी तो मेसेज माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला, पुन्हा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "रविवारी फोन आला की आधी मी बोलणार." किती महिन्यांनी म्हणाले! तेव्हा तयार राहा, ते सरळ मुद्द्यावर येतात. जूनच्या मुलाखतीला आता आम्ही दोघंही जाणार आहोत, तुला भेटायला म्हणून.

शेजारच्या वरलक्ष्मींना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, मग आत जाऊन कॉफी करून आणली. नागोजीरावांना अजून सांगायचंय. ते दर वेळी विचारतात, सून कधी दाखवता.

त्या बाईंसमोर तू वळलास ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर मला काय वाटलं असतं, अभिमान की भीती, सांगता येत नाही. दोन्ही वाटतंय, आळीपाळीनं, सकाळपासून.

आजवर मी सगळ्यांना सांगत आले, माझ्या मुलाला मी ओळखते. आता ते म्हणणार नाही. आता विचारत जाईन.

तुला काहीच न विचारलेली,
पण तुझीच,
आई